शाळा उघडायच्या आत व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: फुलं नाही, बर्फ बघायला जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब: नवरा-बायको, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. मुलांची शाळा १५ जूनच्या सुमारास उघडणार, म्हणून १ ते ७ जून असे सात दिवस मोकळे ठेवलेत. त्यात उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, तिच्या शेजारचं शिखांचं तीर्थ हेमकुंड साहिब आणि जमलं तर बद्रीनाथ. सासूबाईंना ब्रह्मकमळ बघायचंय. "१ जूनला पार्क उघडतं असं वाचलं, म्हणजे फुलं असतीलच ना?"

नसतील. म्हणजे असतील, पण तुमच्या डोक्यात जो फोटो आहे तो नसेल. अठरा वर्षं मी ठाण्याहून त्या बाजूला गट घेऊन जातोय आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे, "अहो, फुलं कुठायत?" पहिल्याच वर्षी मी हौसेने १ जूनचा मुहूर्त गाठला होता. बारा जणांना घेऊन आत गेलो तर समोर मळकट बर्फ, चपटं पिवळं गवत आणि वर लखलखीत डोंगर. एका काकांनी तिथल्या तिथे अर्धे पैसे परत मागितले. चूक त्यांची नव्हती, मीच त्यांना पत्रकावर गुलाबी गालिचा छापून नेला होता.

उद्यान १ जूनला उघडतं ते वन खात्याच्या कॅलेंडरप्रमाणे, आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. फुलांचं कॅलेंडर वेगळं. ही झाडं बहुतेक हंगामी. हिवाळ्यात वरचं सगळं मरतं, मुळं-कंद तेवढे बर्फाखाली जिवंत राहतात. मे संपता संपता बर्फ वितळायला लागतो, आणि जिथून तो हटतो तिथली जमीन तेवढी जागी होते. मग पाऊस आला की सगळी दरी एकदम उसळते. कासला आपण जूनमध्ये जात नाही, सप्टेंबरमध्ये जातो, कारण आधी सड्यावर पाऊस मुरावा लागतो. इथेही तसंच, फक्त पावसाच्या आधी बर्फाचा एक हप्ता फेडावा लागतो. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. १९३१ मध्ये कामेट शिखर चढून परतताना फ्रँक स्माइथ भ्यूंडार खिंडीतून या दरीत उतरला आणि त्याच्यामुळे ती जगाला कळली. तोही उतरला तो जुलैत, भर पावसात. जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरला असता तर नाव बहुधा वेगळंच पडलं असतं.

मग जूनमध्ये जाऊ नये का? मी उलट म्हणेन, मुलांना घेऊन जायचं तर जूनमध्येच जा. फक्त कशासाठी जातोय ते घरात आधी बोलून घ्या.

जूनमध्ये मिळतं ते असं. सकाळी आभाळ स्वच्छ असतं, त्यामुळे डोंगर दिसतात. ऑगस्टमध्ये फुलं असतात पण चार-चार दिवस ढग खाली बसलेले असतात, दरीला भिंती आहेत हेच कळत नाही. बर्फाच्या कडेला पहिली फुलं मात्र हमखास भेटतात, आणि ती शोधायला मुलं मोठ्यांपेक्षा हुशार असतात. बर्फ जिथे संपतो त्या ओल्या काळ्या मातीत जांभळ्या प्रिम्युलाचे झुबके, ओहोळाच्या काठाने पिवळी मार्श मेरीगोल्ड, पांढरी ॲनिमोनी. कधीकधी कळी अजून बर्फाच्या पातळ पापुद्र्याखालीच असते. वाटेत भोजपत्राच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली असते आणि त्यांच्या आसपास जांभळट-पांढरा बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. लाल बुरांस नव्हे, तो खालच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये होऊन गेलेला असतो. आणि भर हंगामातली गर्दी दरीत नसते. हेमकुंडच्या वाटेवर मात्र असते, त्याबद्दल पुढे.

आता तारखा. तुमचे १ ते ७ मला पसंत नाहीत. शक्य असेल तर थोडे पुढे सरका आणि घांघरियात, म्हणजे दरी आणि हेमकुंड दोन्हींच्या पायथ्याच्या मुक्कामाच्या गावात, ७ ते ९ जूनला राहाल असं बघा. त्या आठवड्याभरात बर्फ बराच हटतो, वन खात्याने आणि लोकांच्या पायांनी वाट मळलेली असते. फार पुढेही सरकू नका. उत्तराखंडात मान्सून साधारण २० जूनच्या आगेमागे पोहोचतो, पण तो आधीही येतो. २०१३ साली १६-१७ जूनला जे झालं त्यात केदारनाथचं नाव झालं, पण पुष्पावती आणि लक्ष्मणगंगेच्या या खोऱ्यातही वाट आणि पूल वाहून गेले, गाडीरस्ता सोडून चढण सुरू होते त्या गोविंदघाटला उभ्या गाड्या अलकनंदेत गेल्या आणि घांघरियात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. तेव्हापासून मी १३-१४ जूननंतर मुलं असलेला गट डोंगरात ठेवत नाही. शाळा १५ ला उघडते हे तुमच्या पथ्यावरच आहे.

सात दिवसही पुरणार नाहीत. ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटर. नकाशावर पाच तास वाटतात, प्रत्यक्षात दहा लागतात, आणि मे-जूनमध्ये चारधाम यात्रेची वाहतूक अंगावर असते. त्यात ऋषिकेशच्या आसपास शनिवार-रविवारी दिल्लीच्या गाड्यांची कोंडी, म्हणून हरिद्वार किंवा ऋषिकेशहून निघायचा दिवस आठवड्याच्या मधला धरा आणि पहाटे पाचला गाडी काढा. डोंगरात रात्रीची वाहतूक थांबवतात, त्यामुळे "उशीर झाला तर रात्री रेटू" हा आपला एक्सप्रेसवेवरचा हिशेब तिथे चालत नाही. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग लागतात. सासूबाईंसाठी देवप्रयागला अर्धा तास थांबा, भागीरथी आणि अलकनंदेचे दोन रंग एकमेकांत मिसळताना वरूनही छान दिसतात.

मी असा कार्यक्रम आखेन. ४ जूनला ऋषिकेश. ५ ला जोशीमठ. ६ ला जोशीमठलाच मुक्काम, दिवसा गाडीने औलीला जाऊन जरा चढउतार करून परत. ७ ला घांघरिया. ८ ला दरी. ९ ला हेमकुंड किंवा आराम. १० ला खाली. ११ रिकामा. १२ ला ऋषिकेश. १३ ला परत. त्या रिकाम्या दिवसावर सगळ्यात जास्त लोक कात्री चालवतात, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. पिपलकोटीच्या पुढे पागल नाला नावाचा एक पट्टा आहे. दोन तास पाऊस पडला की नावाला जागतो. काही अडचण आली नाही तर त्या दिवशी बद्रीनाथ करा, गोविंदघाटपासून पंचवीसच किलोमीटर आहे. बद्रीनाथ सुरुवातीला घालू नका, जूनमध्ये दर्शनाच्या रांगेत सकाळ जाते आणि थकलेली मुलं घेऊन दुसऱ्या दिवशी चढण सुरू होते.

६ तारखेच्या मुक्कामावर घरात वाद होईल, "एक दिवस फुकट कशाला?" म्हणून. पुणे साडेपाचशे मीटरवर, जोशीमठ एकोणीसशेच्या आसपास, घांघरिया तीन हजार पन्नास. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम आहे. तुम्ही एका दिवसात अकराशे मीटर वाढवणार आहात, कारण मध्ये राहायची सोयीची जागा नाही. निदान शरीराला एक दिवस आधी कल्पना तरी द्या. हेलिकॉप्टरचा विचार मनात येईल म्हणून सांगतो: हेमकुंडच्या हंगामात गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर चालतं, काही मिनिटांत वर नेतं. गुडघ्यांना बरं, पण डोक्याला तितकंच वाईट, आणि ढग आले की उडत नाही. सासूबाईंना एकटीने हेलिकॉप्टरने पाठवून बाकीचे चालत, असं मुळीच करू नका. वर त्या पाच तास एकट्या बसतील आणि नेमकं तेव्हाच डोकं धरलं तर बघायला कोणी नाही.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत चार किलोमीटर जीप जाते. तिथून घांघरिया दहा किलोमीटर, लक्ष्मणगंगेच्या काठाने, शेवटचे तीन चांगलेच उभे. आठवीतला मुलगा चालेल. चौथीतली मुलगी पहिले पाच किलोमीटर सगळ्यांच्या पुढे पळेल आणि सहाव्याला बसकण मारेल. तिच्यासाठी आणि सासूबाईंसाठी खेचर किंवा कंडी. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची खुर्चीवजा टोपली, एक माणूस घेऊन चालतो. चार जण खांद्यावर वाहतात ती डंडी. दरफलक लावलेला असतो, काउंटरवरूनच ठरवा, वाटेत घासाघीस नको. सासूबाईंना खेचरावर बसवायचं तर उतारावर मागे रेलून बसायचं आणि पाय भिंतीच्या बाजूला सांभाळायचा, हे आधी सांगा. खेचरं कायम दरीच्या कडेकडेने चालतात, त्याने जीव खालीवर होतो, पण त्यांचं त्यांना कळतं.

घांघरियात खोल्या थंड, वीज अधूनमधून, गरम पाणी बादलीने विकत. गढवाल मंडळाचं सरकारी विश्रामगृह आहे, खाजगी लॉज आहेत, गुरुद्वारा आहे. रोख पैसे जोशीमठलाच काढा. जेवणात पराठे, राजमा-भात, मॅगी. उंचीवर मुलांची भूक मरते, तेव्हा घरचं काहीतरी लागतं. मी दर वेळी मेतकुटाचा एक डबा नेतो. गरम भात, तूप, मेतकूट, एवढ्यावर कितीतरी रडकी पोरं मार्गी लागलेली आहेत. वाटेसाठी दाण्याचे लाडू.

दरीत जायचा दिवस. फाटक सकाळी सातला उघडतं, दुपारनंतर आत सोडत नाहीत, पाचच्या आत सगळ्यांनी बाहेर. आत मुक्काम नाही, खेचरं नाहीत, खायचं काही मिळत नाही. परवाना घांघरियाच्या वन चौकीवर होतो, सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. यात्रेची सरकारी नोंदणी मात्र निघण्याआधीच करून ठेवायची, ती बद्रीनाथ आणि हेमकुंडला लागते.

आणि इथे तो बर्फ. वाटेत एक-दोन नाले हिमकड्यांवरून घसरलेल्या बर्फाने गच्च भरलेले असतात. स्थानिक लोक त्यालाच ग्लेशियर म्हणतात. खरी हिमनदी दरीच्या टोकाला आहे, टिपरा, तिथून पुष्पावती निघते. पण नाल्यातला हा बर्फ तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा, कारण त्याच्यावरून चालायचंय आणि त्याच्या खालून पाणी वाहतंय. वरून तो सिमेंटच्या रस्त्यासारखा घट्ट दिसतो, आतून मात्र पाण्याने पोखरलेला असतो.

भ्यूंडार गावातला एक मुलगा बरीच वर्षं माझ्याबरोबर असतो. बर्फाच्या कडेला आला की तो बोलायचं थांबतो. काठी उलटी धरून दोन-तीन ठिकाणी ठोकतो, मान वाकडी करून ऐकतो. एका वर्षी मला दोन्ही आवाज सारखेच वाटले, पण तो म्हणाला, "यहाँ से नहीं," आणि आम्हाला वीस पावलं वरून नेलं. परतताना दुपारी दोन वाजता त्या जागी गाडीच्या चाकाएवढं भोक होतं आणि आत काळं पाणी दिसत होतं. तेव्हापासून मी वाटाड्याच्या पैशांत काटकसर करत नाही. तुम्हीही करू नका. फुलांची नावं सांगायला नव्हे, ही काठी ठोकायला तो हवा.

बर्फावर चालायच्या चार गोष्टी मुलांना घरीच शिकवून ठेवा. मळलेल्या पायवाटेतच पाय टाकायचा. बर्फ जिथे दगडाला किंवा डोंगराला टेकतो तिथे जायचं नाही, कारण दगड तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून आधी वितळतो. सकाळी बर्फ कडक असतो, घसरतो पण वजन पेलतो. दुपारी मऊ होतो, घसरत नाही पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. म्हणून जाताना घाई केली तर चालेल, परतायला उशीर नको. बारा-साडेबाराला मागे फिरा, समोर कितीही सुंदर असलं तरी. दुपारी बहुधा ढग येतात आणि एखादी सर किंवा गारा पडतात, त्याआधी फाटकाबाहेर आलेलं बरं. साधे स्पोर्ट्स शूज नकोत, घोट्यापर्यंतचे खाचदार बूट हवेत आणि बुटाला बांधायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, प्रत्येकी एक जोड. पुण्यात ते भाड्याने मिळतात. मुलीच्या मापाचे मात्र मिळाले नाहीत तर तिचा हात वाटाड्याच्या हातात.

गॉगल सगळ्यांना. फॅशनचा नव्हे, चांगला, बाजूने झाकणारा. बर्फावरून ऊन खालून वर येतं. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावायचं. पहिल्या वर्षी माझी नाकपुडी आतून भाजली होती. हसू नका, आठ दिवस शिंकता येत नव्हतं.

दरीत किती आत जायचं? नदीवरचा पूल, मग भोजपत्राच्या जंगलातली चढण, आणि झाडी संपून दरी उघडते ती जागा, एवढं चौथीतल्या मुलीसाठी भरपूर झालं. मुलाला दम असेल आणि बर्फाने वाट दिली तर वडील आणि तो पुढे जोन लेगच्या समाधीपर्यंत जाऊ शकतात. ही वनस्पती गोळा करायला आलेली इंग्रज बाई १९३९ मध्ये कड्यावरून घसरून इथे गेली. नंतर तिची बहीण येऊन दगड बसवून गेली. सपाट जागेवर एकटाच दगड आहे, जूनमध्ये काही वर्षी त्याच्याभोवती बर्फच असतो.

हेमकुंडबद्दल मी जरा कठोर बोलेन. घांघरियाहून सहा किलोमीटर, पण उंची सव्वाचार हजार मीटरच्या वर. मेच्या शेवटी दरवाजे उघडण्याआधी सैन्याचे जवान बर्फ कापून वाट करतात, तरी अटलाकोटीच्या टप्प्यावर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात आणि सरोवर बहुधा गोठलेलं असतं. दृश्य विसरता येणार नाही असं असतं. पण सुरुवातीच्या दिवसांत काही वर्षी प्रशासन लहान मुलांना आणि ज्येष्ठांना वर सोडतच नाही, आणि ते बरोबर आहे. तुमच्या घरातून मुलगा आणि दोघांपैकी एक जण, एवढेच जा, तेही आदल्या दिवशी दरीत कोणाचं डोकं दुखलं नसेल तर. पहाटे निघा, वर लंगरची गरम खिचडी आणि चहा घ्या, दुपारी दोनच्या आत उतरायला लागा. वर राहायची परवानगी नाही. गर्दी भरपूर असते, पण त्या गर्दीत सत्तरीतले सरदारजी "वाहेगुरू" म्हणत तुमच्या मुलाला मागे टाकून जातात, हे त्याने बघितलेलं चांगलं.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, रात्री झोप न लागणं: घांघरियात यातलं थोडं कोणालातरी होईलच. एक दिवस वर न चढता थांबायचं, पाणी प्यायचं. कमी झालं नाही, उलटी थांबत नाही, चालताना तोल जातोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर रात्र होईपर्यंत वाट न बघता खाली. खाली उतरणं हेच औषध. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा कोणाला सल्फाची ॲलर्जी असेल तर. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नको. चौथीतली मुलं "डोकं दुखतंय" म्हणत नाहीत, ती नुसती गप्प बसतात. गप्प बसलेल्या मुलाकडे लक्ष ठेवा.

समजा त्या वर्षी बर्फ जास्तच पडला आणि वन खात्याने पहिल्या नाल्यापुढे जाऊ दिलं नाही, तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका. दरी तिथेच राहणार आहे. खाली जोशीमठला या, औलीहून गोरसोन बुग्यालपर्यंत, म्हणजे वरच्या गवताळ कुरणापर्यंत, चालत जा. तीन-चार किलोमीटरची सोपी चाल आहे, आभाळ मोकळं असेल तर नंदादेवी समोर उभी असते आणि मुलांना लोळायला गवत आहे.

राहिल्या सासूबाई. त्यांचं ब्रह्मकमळ जूनमध्ये कुठेच नाही. ते हेमकुंडच्या आसपासच्या खडकांत पावसाळ्यात उमलतं, ऑगस्टमध्ये बघायला मिळतं. आणि एक विचारून घ्या: त्यांच्या गॅलरीत कुंडीत जे आहे, पावसाळ्यात रात्री उमलून सकाळी मान टाकतं, ज्याच्यासाठी शेजारपाजाऱ्यांना रात्री अकराला बोलावून आरती करतात, तेच त्यांच्या डोळ्यासमोर आहे का? ते मूळचं मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या जातीचं झाड. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ वेगळंच, पांढरट-हिरव्या कागदी पाकळ्यांच्या द्रोणात जांभळा गोंडा. माझ्या गटातल्या एका आजींना ते दाखवलं तर म्हणाल्या, "हे कसलं, आमचंच बरं." सासूबाईंना खरोखर हेच बघायचं असेल तर १५ ऑगस्टच्या आसपास मुलांना आजोळी ठेवून तुम्ही तिघं वेगळे या. पण तेव्हा कार्यक्रमात दोन रिकामे दिवस धरा, आणि हेमकुंडसाठी डॉक्टरांचा होकार.

रेल्वेची तिकिटं साठ दिवस आधी उघडतात, म्हणजे ४ जूनला ऋषिकेशात असायचं तर एप्रिलच्या सुरुवातीलाच मोबाइल हातात घेऊन बसा. घांघरियाची खोली त्याच्याही आधी सांगून ठेवा, तळमजल्यावरची. त्या गावात जिने फार उभे आहेत.